नळाच्या गळ्यातला हार

पाणीपुरवठ्याच्या खात्यात किस्से शोधायला जावं लागत नाही. लाइन लीक असली की खालच्या खड्ड्यात आपोआप पाणी जमतं, तसेच हेही जमतात; आणि लीक नाही अशी लाइन मी अजून पाहिलेली नाही! मोहाडी तालुक्यात ज्युनिअर इंजिनिअर म्हणून आले तेव्हापासून इतके जमलेत की भंडाऱ्याला घरी गेले की मैत्रिणी चहा यायच्या आधीच विचारतात, "काय गं, तुझ्या त्या टोलीवरच्या नळाचं काय झालं?" माझ्या तब्येतीची चौकशी नंतर. तर आज सगळं एकदाच सांगून टाकते.

माझा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे. "होत नाही" असं कुणी म्हटलं की माझं डोकं सणकतं. नवरा तर सरळ सांगतो, हिच्याकडून काम करून घ्यायचं असेल तर हिला फक्त म्हणायचं, हे तुला जमणार नाही. त्या नळाच्या बाबतीत अख्ख्या गावानं मला पहिल्याच दिवशी हे ऐकवलं. मग काय, झालं!

* * *

गाव तसं साधंच. चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठानं वसलेलं मूळ गाव, आणि एका टोकाला टेकाड. टेकाडावर मोजक्या घरांची वरची टोली. पाण्याची टाकी गावाच्या दुसऱ्या टोकाला. टाकीतून निघालेला मोठा पाइप आधी सगळ्या गावातून फिरतो, घरोघरी पाणी देत देत जातो आणि मग टेकाड चढून टोलीवर संपतो. अगदी शेवटचा नळ शेवंताबाईच्या अंगणात.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या नळाच्या गळ्यात झेंडूचा हार होता. पार वाळून काळा पडलेला. मला वाटलं, काही पूजाबिजा असेल. तर शेवंताबाईनं सगळी कथा सांगितली. योजनेचं उद्घाटन म्हणे मुद्दाम शेवटच्या नळावर ठेवलं होतं. मांडव टाकला, माइक लावला, सगळं गाव टाळ्या वाजवायला टेकाडावर गोळा झालं. नळाला हार घातला, नारळ फोडला, तोटी फिरवली आणि पाणी आलं की हो! फोटो झाले. मग पाहुणे उतरले, गाव उतरलं, आणि पाणीही उतरलं. ते पुन्हा वर चढलंच नाही.

मी विचारलं, "मग हार काहून नाही काढला?"

"राहू द्या. फोटोले असते तसा," ती म्हणाली. "पाणी येईन तवा काढीन."

शेवंताबाई म्हणजे पन्नाशीची, काटक, आपली बांधी आपण रोवणारी बाई. आवाज असा की टेकाडावरून बोलली तर बोडीच्या पलीकडे ऐकू जावा. पण पुढचं सांगताना तिचा आवाज बारीक झाला. थोरल्या पोरीचं लग्न तिला मामाच्या गावी लावावं लागलं होतं, कारण वरच्या टोलीवर पाणी नाही आणि पाण्याशिवाय पंगत उठवायची कशी! पोरगी स्वतःच्या दारातून सासरी गेली नाही, हे तिच्या मनात रुतून बसलं होतं. आता धाकट्या मंगलाचं जमलं होतं. उन्हाळ्यात लग्न.

"या पोरीचा मांडव इथंच पडन," तिनं मला सांगितलं. "माह्या नळाच्या पाण्यानं पाय धुऊन ते सासरी जाईन. पाणी आणाचं तुमी पाहा."

मी लेव्हल लावून मोजलं. टाकीचा तळ टोलीपेक्षा उंच होता. म्हणजे पाणी चढायला पाहिजे. मग चढत का नाही? मी तिथल्या तिथे शब्द देऊन मोकळी झाले. परतताना जीपमध्ये ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, आतापर्यंत सगळ्या साहेबांनी शब्द दिला आहे तिले." मी त्याला म्हटलं, तू गाडी चालव.

* * *

दुसऱ्यांदा गेले ती मुद्दाम सकाळी, पाणी सोडायच्या वेळेला. शेवंताबाईचे यजमान श्रावणभाऊ नळाजवळ उकिडवे बसले होते. हा माणूस कमी बोलतो. दिवसभरात जेवढ्या बिड्या ओढत असतील तेवढेच शब्द. मला पाहून त्यांनी हातानं बोलावलं, पेटलेली बिडी नळाच्या कायम उघड्या तोटीशी धरली.

बिडीचा धूर सरळ नळात गेला! थोटकाचा निखारा लाल झाला, जसं कुणी आतून झुरका मारतंय.

"बिडी पेते," श्रावणभाऊ म्हणाले. "पाणी देत नाही, वरून बिडी मांगते."

मी तिथून साहेबांना फोन लावला. नळ हवा आत ओढतोय म्हटलं, बिडीचा धूर ओढतोय. साहेबांनी तक्रार लिहून घेतली. मग म्हणाले, "आधी पाणी देत नाही अशी तक्रार होती. आता व्यसन लागलं अशी आहे का?"

पण मला पाहिजे ते सापडलं होतं. खाली गावात पाणी इतकं जोरात पळत होतं की वरच्या टोकाला दाब उरतच नव्हता. उलट ओढ लागत होती. शेवंताबाईला हे कसं सांगावं? श्रावणभाऊंच्या बिड्यांसाठी घरात तेंदूची पानं होती. मी दोन पानं घेतली, थोड्या अंतरावर समोरासमोर धरली आणि तिला म्हटलं, मधून जोरात फुंकर मारा. तिला वाटलं पानं दूर उडतील. पानं एकमेकांना येऊन चिकटली!

तिनं पुन्हा फुंकलं. पुन्हा चिकटली. मग तिनं पानं माझ्या हातातून घेतली, श्रावणभाऊंना फुंकायला लावलं, शेजारणीला हाक मारून तिलाही लावलं. मी सांगितलं, हवा असो की पाणी, जोरात पळायला लागलं की बाजूला दाबायचा त्याचा जोर कमी होतो.

"समजलं," ती म्हणाली. "ज्याले पळाची घाई, त्याचा बाजूच्याले धक्का नाही."

कॉलेजात आमच्या सरांनी हेच शिकवायला आख्खा फळा भरला होता.

* * *

आता टिकारामचं ऐका. टिकाराम हा ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूस. मोटर चालू करणं, टाकी भरणं, सकाळी वॉल्व्ह उघडणं ही त्याची कामं. माणूस सरळ, सांगितलेलं काम मन लावून करणार. इतकं मन लावून की भीती वाटावी!

मी टाकीच्या पायथ्याशी पाइपावर प्रेशरचा काटा बसवला. त्याला सांगितलं, टिकारामभाऊ, रोज लक्ष ठेवा, काटा खाली पडला तर मला कळवा. मला पाहायचं होतं की खाली लोकांनी नळ उघडले की दाब किती उतरतो. तो म्हणाला, बेफिकीर राहा.

मी बेफिकीर राहिले. रोज फोन केला की उत्तर एकच, काटा वर आहे मॅडम, हलला नाही. माझा काही विश्वास बसेना. पाणी पळत असताना दाब उतरणारच! मग एक दिवस गुरुजींचा फोन आला. हे गुरुजी म्हणजे निवृत्त शिक्षक आणि पाणी समितीचे अध्यक्ष. गावात त्यांच्या शब्दाला मान. ते म्हणाले, टोलीचं सोडा, आता खाली गावातही गुंडभर पाणी येऊन नाही राहिलं. बायका रिकामे गुंड-हंडे घेऊन पंचायतीसमोर बसल्या आहेत.

मी धावतपळत गेले. काटा खरंच वर होता, अगदी ताठ. आणि त्याच्या पुढचा वॉल्व्ह टिकारामनं जवळजवळ बंद करून ठेवला होता.

"वॉल उघडला की काटा पडते," त्यानं मला समजावलं. "मंग मी उघडलाच नाही. तुमी सांगून गेल्या होत्या, लक्ष ठेवा म्हणून."

ज्या पाण्याला पळूच दिलं नाही त्याचं प्रेशर मस्तच राहणार ना! मी कपाळाला हात लावला. तिकडे पंचायतीसमोर बायका रिकामे गुंड वाजवत होत्या आणि टिकाराम मात्र अभिमानानं काट्याची काच पुसत होता.

* * *

गुरुजींचा विषय निघालाच आहे तर त्यांचा अंगठा सांगते.

एक दिवस माझ्या लक्षात आलं की टोलीच्या चढाआधी पाणी आणखीनच मेल्यासारखं झालंय. चौकशी केली तर कळलं, मी पंधरवडाभर रजेवर असताना गावानं दुरुस्ती उरकून घेतली होती. कुणाच्या डोक्यानं? गुरुजींच्या. त्यांनी ग्रामसभेत रबरी पाइप आणला, नळाला लावला, आधी साधी धार दाखवली. ती पायाशी पडली. मग तोंडावर अंगठा दाबला. धार पार कडुलिंबापर्यंत! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यात माणसंही धानाची. जन्मभर बांधीचं पाणी एकीतून दुसरीत सोडलेलं. पारीला, म्हणजे बांधाला, फोडलेलं तोंड अरुंद केलं की पाणी कसं खळखळून पळतं हे इथे लहान पोट्ट्यालाही ठाऊक. गुरुजी म्हणाले, पाइपालाही तेच लागू आहे. झालं. दुसऱ्याच दिवशी कुदळी घेऊन सगळे लागले, टोलीकडे जाणाऱ्या मोठ्या पाइपाचा एक लांब तुकडा कापला आणि तिथे बारीक पाइप जोडून दिला. जोर वाढावा म्हणून! आणि हे सगळं शेवंताबाईसाठी, बरं का. सगळे घाम गाळून आले होते.

मी चिडले, खूप चिडले. पण चिडून काय सांगणार? मी म्हटलं गुरुजी, उद्या चौकात या, येताना अंगठा घेऊन या.

चौकात दोन सारख्या बादल्या ठेवल्या. एकाच टाकीचे दोन सारखे पाइप. एक माझ्या हातात, एक गुरुजींच्या. म्हटलं, तुम्ही अंगठा दाबून भरा, मी नुसती धरते. कुणाची बादली आधी भरते पाहू. गाव गोळा झालं. गुरुजींची धार अशी सणसणत होती की बादलीत कमी आणि टिकारामच्या शर्टावर जास्त. म्हणून त्यांना बादलीच्या तोंडाशी पाइप नेऊन दाबावा लागला. माझी बादली भरून वाहू लागली तेव्हा त्यांची अर्धीही नव्हती. लोक हसले.

मी समजावलं. बारीक जागेतून पाणी पळतं हे खरं, पण पळण्यासाठी ते आपला दाब मोडतं. लांबच लांब बारीक पाइपात घासत जातं आणि पुढे चढ लागला की त्याच्या अंगात काही उरत नाही. शिवाय एकूण पाणीच कमी जातं. गुरुजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग अंगठा पुसत म्हणाले,

"पण दूर तर गेलं ना!"

बारीक तुकडा मी त्याच आठवड्यात काढायला लावला. तो काढतानाही तीच माणसं कुदळी घेऊन आली, हे सांगायलाच पाहिजे.

* * *

मोठा पाइप परत आला, पाणी चढाच्या पायथ्यापर्यंत दमदार आलं, पण वर जाईना. कारण खाली सगळे नळ एकाच वेळी उघडे. आता यावर सोपा उपाय होता. मोठ्या पाइपातून गावातल्या गल्ल्यांकडे फुटणारी लाइन बंद करणारा एक वॉल्व्ह नकाशात दाखवलेला होता. तो रोज थोडा वेळ बंद केला की सगळं पाणी टोलीला. मी खुश! नकाशा घेऊन निघाले.

नकाशात वॉल्व्ह होता, जमिनीवर सिमेंट रोड होता. नवा कोरा. टिकाराम म्हणे तो किराणा दुकानासमोर, गुरुजी म्हणे देवळाच्या पायरीजवळ, आणि दुकानदार म्हणे असा काही वॉल्व्हच नव्हता. आम्ही दिवसभर लोखंडी सळी आपटत फिरलो. शेवटी रस्ता करणाऱ्या ठेकेदाराच्या सुपरवायझरला शोधून काढलं. त्याला वॉल्व्ह आठवत होता. रस्त्याच्या बरोबर मधे, सिमेंटच्या खाली.

मी म्हटलं, अरे बाबा, वॉल्व्ह झाकला कसा तू?

"मॅडम, एकदम सेफ आहे," तो म्हणाला. "आता कोणी चोरूच शकत नाही."

रस्ता फोडायची परवानगी मागितली. उत्तर आलं, नवीन रस्ता फोडता येत नाही, जुना होईपर्यंत थांबा. लग्नाची तारीख तोपर्यंत ठरून गेली होती. शेवंताबाईनं मांडवासाठी जांभळाच्या डहाळ्या कुठून आणायच्या तेही ठरवलं होतं. मला मात्र झोप लागेना.

* * *

मग मी मोटरींच्या मागे लागले. खालच्या गावात लोकांनी नळाला छोट्या मोटरी जोडल्या होत्या, टुल्लू म्हणतात त्यांना. त्या पाणी ओढून घेतात. टोलीवरचा नळ बिडी ओढतो तो याच मोटरींच्या जिवावर, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण पकडायच्या कशा? आम्ही गल्लीत शिरलो की पुढच्या गल्लीत फोन गेलेला असायचा.

गुरुजी सगळ्यात पुढे. हातात काठी, डोक्यावर टोपी, प्रत्येक दाराशी उभं राहून ते सांगत की वर टोलीवर लेकीचं लग्न आहे, आपल्या गावाची लाज आहे, मोटर असेल तर काढून द्या. मी मनात म्हटलं, अंगठ्याचं जाऊ दे, माणूस मोठ्या मनाचा आहे.

एका घरी सांदवाडीत, म्हणजे परसात, तणसीचा, धानाच्या पेंढ्याचा, मोठा ढीग होता. ढिगातून घूं घूं आवाज येत होता. घरधनी आडवा आला आणि म्हणाला, तिकडे जाऊ नका, गांधीलमाश्या आहेत. टिकाराम दोन पावलं मागे सरकला. मी काही सरकले नाही. घरात गेले आणि मेन स्विच खाली केला. गांधीलमाश्या गप्प!

घरधन्यानं ढिगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"उडून गेल्या वाटते," तो म्हणाला.

त्या दिवशी बऱ्याच मोटरी निघाल्या. कुणाची पाळण्याखाली, कुणाची कोंबड्यांच्या खुराड्यात. शेवटी दमून गुरुजींच्या ओसरीवर बसलो. त्यांनी सगळ्यांना चहा पाजला, शाबासकी दिली. पण दुसऱ्या दिवशी श्रावणभाऊंनी बिडी धरली तर धूर परत आतच गेला. जरा हळू, पण आतच. कुठेतरी एक मोटर राहिली होती आणि ती मला काही सापडली नाही.

* * *

लग्नाच्या दिवसासाठी मी टँकर सांगून ठेवला होता. तो सकाळीच टेकाडाच्या वळणावर घसरला आणि एक चाक बांधीत जाऊन रुतलं. कुणाला लागलं नाही, पण टँकर काही हलेना. मी वर पोचले तेव्हा मांडव सजला होता, सनई वाजत होती, आणि बायका डोक्यावर पितळी गुंड घेऊन खालून पाणी वाहत होत्या. शेवंताबाई नव्या लुगड्यात चुलाण्यापाशी उभी. तिनं मला बसायला पाट दिला, चहा दिला. तेच मला जास्त लागलं. तिनं टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

मी टिकारामला फोन केला. टाकी काठोकाठ भर, दुपारी पूर्ण वॉल्व्ह उघड आणि इकडे जेवायला ये. काटा बघत बसू नको!

आमच्याकडे लग्नाचं आवतन दोन तऱ्हेचं असतं. एक साधं, घरातल्या एकानं यायचं. दुसरं चूलबंद. म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायची नाही, म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत सगळ्यांनी आमच्याकडे जेवायचं. शेवंताबाईनं अख्ख्या गावाला चूलबंद आवतन दिलं होतं. शेजारणी म्हणाल्या, पाणी नाही आणि गाव कायले बोलावतं? ती म्हणाली, थोरलीच्या वेळी कोणालेच नाही बोलावता आलं, आता सगळे येतील.

आणि सगळे आले. घरांना कड्या लावून, कुलपं घालून, पोराबाळांसकट. गुरुजी सहकुटुंब आले. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, पंगत बसली. भात, वरण, वांग्याची भाजी, बुंदी. मी वाढायला घेतलं, कारण स्वस्थ बसवत नव्हतं.

पहिली पंगत अर्ध्यावर आली आणि मागून फुस्स झालं. मग गुरगुर. मग त्या हार घातलेल्या नळातून तांबडं पाणी थुंकल्यासारखं आलं, आणि पाठोपाठ स्वच्छ, बोटाएवढी जाड, ठणठणीत धार! तोटी उद्घाटनापासून कुणी बंदच केली नव्हती. पंगतीतली माणसं हातात घास घेऊन उभी राहिली. मी तर भाताची परात खाली ठेवून रडले, खोटं कशाला सांगू.

गुंड भरले, पिंपं भरली, पाहुण्यांचे हात धुऊन झाले. मी शेवंताबाईला म्हटलं, आता तरी हार काढा. तिनं मान हलवली.

"हे पाहुण्याचं पाणी होय," ती म्हणाली. "असं एकदा येऊन गेलं आहे."

ऊन उतरलं तशी माणसं खाली जायला लागली. शेवंताबाई मांडवाच्या कडेला येऊन उभी राहिली. तिथून सगळं गाव तळहातासारखं दिसतं. एक दार उघडलं, नळाची धार जराशी बारीक झाली. पुढच्या गल्लीत दोन दारं उघडली, आणखी बारीक. ती एकदा खाली पाहायची, एकदा नळाकडे. मी शेजारी उभी राहून तेच पाहत होते.

इकडे मंगलाची निघायची वेळ झाली. पाट मांडला, ती पाटावर उभी राहिली, थोरली बहीण रिकामा तांब्या घेऊन नळाशी गेली. भरलेले गुंड शेजारीच होते, पण तिला कुणी सांगितलं नाही की त्यातलं घे. धार करंगळीएवढी उरली होती, तरी चालू होती. तेवढ्यात खाली गुरुजींनी आपल्या दाराचं कुलूप काढलं आणि आत गेले. लगेच नळानं उचकी दिली आणि धार तुटली. श्रावणभाऊ पुढे झाले, बिडी पेटवली आणि तोटीपाशी धरली. धूर आत गेला.

मंगला पाटावर कोरड्या पायांनी उभी. शेवंताबाईनं एकदा खालच्या त्या उघड्या दाराकडे पाहिलं. मग ती मंगलाष्टकांचा माइक होता तिथे गेली आणि माइक हातात घेतला. भोंगा गावाकडेच तोंड करून बांधलेला होता.

"गुरुजी," ती म्हणाली. आवाज बोडीच्या पलीकडून परत आला. "पोरगी पाटावर उभी आहे. तुमची मोटर बंद करा."

खाली गल्लीतली माणसं जागच्या जागी थांबली. सगळ्यांनी गुरुजींच्या घराकडे पाहिलं. मग एकेकानं घरात जाऊन आपापली तोटी बंद केली असावी, कारण वर नळातून आधी हवा आली, मग थेंब, मग धार. तांब्या भरला. शेवंताबाईनं माइक खाली ठेवला, नळाच्या गळ्यातला हार काढून श्रावणभाऊंच्या हातात दिला, आणि पाटापाशी बसून पोरीचे पाय धुतले. सावकाश, दोन्ही हातांनी, तांब्या संपेपर्यंत.

तेवढ्यात माझा फोन वाजला. गुरुजी. आवाज एकदम लहान झालेला. म्हणाले, बंद केली मॅडम, कायमची काढून ठेवली. पण ती धानाच्या ढोल्यात, म्हणजे कणगीत, होती, वर झाकण होतं, आमच्या घरच्यांनाही धड माहीत नव्हती. शेवंताला तेवढ्या दुरून दिसली कशी, तेवढं विचारून सांगा.

मी फोन तसाच धरून शेवंताबाईला विचारलं. तिनं लुगड्याच्या पदराला हात पुसले.

"त्याईले म्हणा," ती म्हणाली, "नळानं सांगतलं."